बाभळ-डाळिंबाची भूमिती

लेखनिक व्हायला आमच्या वर्गातून कुणीच तयार नव्हतं. मी तेव्हा नववीत होते. दहावीतल्या एका मुलीला जन्मापासून दिसत नव्हतं आणि बोर्डाच्या परीक्षेत ती सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहायला तिला कुणीतरी हवं होतं. नियम असा, की लिहिणारी खालच्या इयत्तेतली हवी, म्हणजे तिनंच उत्तरं लिहिली असा संशय यायला नको. गणिताचे सर वर्गात आले, त्यांनी विचारलं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. कारण उघड होतं. मार्क चांगले पडले तर ते तिचे, कमी पडले तर ते लिहिणारीमुळे.

मी शाळेत नवीन होते. बाबा कारकून, केडगावहून जामखेडला त्यांची बदली झाली आणि आम्ही सगळे इकडे आलो. वर्गात माझी अजून कुणाशी धड ओळख नव्हती, त्यामुळे मान खाली घालायला मला थोडा उशीर झाला असावा. सर म्हणाले, "तुझं अक्षर स्वच्छ आहे. घरी विचारून सांग."

घरी बाबांना ते पटलं नाही. "दुसऱ्याच्या वर्षाची जबाबदारी आहे ही," ते म्हणाले. "एक ओळ चुकली तर आयुष्यभर त्या पोरीला तू आठवशील." आईनं भाजी निवडता निवडता विचारलं, "आणि कुणीच नाही म्हटलं तर ती पोर कुणाला आठवेल?"  दुसऱ्या दिवशी मी सरांना हो सांगितलं.

ती माझ्यापेक्षा वर्षभरानं मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायला लागले. खर्ड्याच्या वाटेवर तिचं गाव. घरची शेती. रोज सकाळी आई तिला एसटीनं घेऊन यायची आणि शाळा सुटेपर्यंत बाजारात ओळखीच्या भाजीवाल्या बाईंजवळ बसून राहायची. लहानपणी ताई नगरला अंध मुलांच्या शाळेत होती. नंतर हट्टानं घरी परत आली आणि साध्या शाळेत बसायला लागली. तिच्यासारख्या मुलांना गणिताऐवजी सोपा विषय घेता येतो. तिनं तो घेतला नव्हता.

"का गं ताई?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"सोपं घेतलं की लोक म्हनत्यात, हिला तेवढंच येतं," ती म्हणाली. "आन भूमिती मला आवडती. तिच्यात डोळ्याचं काय काम हाय?"

मला ते थट्टेचं वाटलं. ती थट्टा करत नव्हती.

सरांनी तिच्यासाठी एक लाकडी फळी केली होती. फळीवर खिळे ठोकलेले आणि खिळ्यांना सुतळी ताणलेली. खिळ्याचं डोकं म्हणजे बिंदू. दोन खिळ्यांच्या मध्ये ताणलेली सुतळी म्हणजे रेषाखंड. जिथं सुतळी खिळ्याच्या पुढंही जायची, तिथं सरांनी काडीपेटीच्या काड्यांचा बाण चिकटवला होता. एका बाजूला बाण असला की किरण, दोन्ही बाजूंना असला की रेषा. ताईची बोटं त्यावरून इतकी भराभर फिरायची की मला नजरेनंही तेवढं लवकर कळायचं नाही.

"किरन म्हंजी हाक," तिनं मला एकदा सांगितलं. "आई दारात हुबी ऱ्हाऊन मला हाक मारती. हाक सुटती कुठून ते पक्कं ठाव असतं. जाती कुठवर ते न्हाई. म्हनून किरन AB म्हनताना आधी A. आई तिथं हाय. BA म्हनलं की आई दुसऱ्याच्या दारात गेली."

नववीच्या पुस्तकात मीही हे सगळं शिकले होते. किरणाच्या नावात आरंभबिंदू आधी, कोनाच्या नावात शिरोबिंदू मधोमध, रेख AB आणि रेख BA एकच. पाठ होतं, पेपरात लिहूनही आले होते. पण आईच्या हाकेनं मला ते पहिल्यांदा कळलं.

सरांचा मात्र एका गोष्टीवर फार कटाक्ष होता आणि तो ताईपेक्षा माझ्याबाबतीत जास्त. "ती म्हणाली नाही ते लिहायचं नाही," ते बजावायचे. "ती रेख AB म्हणाली तर रेख AB लिही. नुसतं AB म्हणाली तर नुसतं AB. रेख AB म्हणजे तो रेषाखंड. नुसतं AB म्हणजे त्याची लांबी, एक संख्या. खांब वेगळा आणि खांबाची उंची वेगळी. दोन खांब एकरूप असतात, दोन उंच्या समान असतात. ती चुकली तर तिची चूक लिहायची. दुरुस्त करायची नाही. तुला कितीही वाटलं तरी."

"आणि ती चुकली हे मला कळलं तर?"

"तर तोंड मिटून लिहायचं."

सराव सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात गोंधळ झाला. ताईनं एक पूर्ण सिद्धता सांगितली, मी लिहिली, सरांनी तपासली आणि खाली शून्य दिलं. ताईचा चेहरा लाल झाला. तिनं सगळं पुन्हा तोंडी सांगितलं. एकही चूक नव्हती. मी लिहिलेलं वाचलं तेव्हा लक्षात आलं. ती B म्हणाली होती तिथं मी D ऐकलं होतं, आणि एका जागी P चं T केलं होतं. बी, डी, पी, टी, सी, ई. सगळ्यांचा शेवट सारखाच. पंखा खडखडत असला, बाहेर पोरं ओरडत असली की कानाला एकच ईकार ऐकू यायचा.

"माझं बराबर हुतं," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तिनं फळी बाजूला सरकवली. "तुझ्या कानानी वाट लावली."

मी रडवेली झाले. सर विचार करत बसले. दुपारी ताईची आई तिला न्यायला आली, तेव्हा तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग फोनवर आमी सांगतो तसं सांगा की. परवा हिच्या मामाला बी-बियान्याचं नाव कळंना, तवा मी म्हनलं, ब बाभळीचा."

तेव्हापासून आमची भूमिती बाजारात भरली. B बाभळ, D डाळिंब, P पेरू, T टरबूज, C सीताफळ, E ईडलिंबू, M मका, N नारळ. सुरुवातीला ताई म्हणायची, "बी बाभळीचा, डी डाळिंबाचा." मग वेळ वाचवायला नुसतंच बाभळ आणि डाळिंब. "किरन डाळिंब-बाभळ," असं ती म्हणाली की मी मुकाट्यानं किरण DB लिहायचे. आधी आम्ही खूप हसायचो. मग हसू येईनासं झालं, इतकी सवय झाली. डिसेंबरपासून एकही अक्षर चुकलं नाही.

परीक्षेचं केंद्र दुसऱ्या शाळेत होतं. ताईला वेगळी खोली दिली होती, म्हणजे तिच्या सांगण्यानं इतरांना त्रास व्हायला नको. खोलीत ती, मी आणि पर्यवेक्षक म्हणून एक मॅडम. भाषेचे, विज्ञानाचे पेपर नीट पार पडले. बीजगणितही झालं. तिथं अक्षरं कमी, आकडे जास्त. रोज वेगळ्या मॅडम असायच्या.

भूमितीच्या दिवशीच्या मॅडम तरुण होत्या आणि नियमाला फार जपणाऱ्या होत्या. त्यांनी माझा कंपास उघडून पाहिला, ताईच्या ओढणीचं टोकही तपासलं. मी प्रश्नपत्रिका वाचून दाखवायला सुरुवात केली. आकृती काढायच्या प्रश्नांऐवजी ताईला दुसरे प्रश्न होते, पण सिद्धता तिला पूर्ण सांगावी लागायची. तिनं प्रश्न ऐकला, बाकावर बोटांनी काहीतरी रेखाटलं आणि सांगायला लागली.

"रेख मका-नारळ ही कोन बाभळ-मका-डाळिंब ची..."

मॅडमनी मान वर केली.

मी लिहीत होते. ताई सांगत होती. तिला मॅडमचा चेहरा दिसत नव्हता, मला दिसत होता. त्या आमच्या बाकापाशी आल्या, थोडा वेळ ऐकलं, माझ्या लिहिण्याकडे पाहिलं. मग दारात जाऊन शिपायाच्या कानात काहीतरी बोलल्या.  ताईला सांगावं असं वाटत होतं, पण पेपर सोडून एक शब्द बोलायची परवानगी नव्हती.

थोड्या वेळानं दोन माणसं आत आली. एक त्या केंद्राचे संचालक. दुसरे कॉपी तपासायला बाहेरून आलेले अधिकारी, आणि ते नेमके त्याच दिवशी आले होते. मॅडम म्हणाल्या, "सर, या दोघी झाडांची, फळांची नावं घेऊन बोलतायत. मघापासून ऐकतेय मी."

अधिकाऱ्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. उत्तरपत्रिका मिटून मॅडमकडे दिली. त्यांनी आवाज मुळीच चढवला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"डाळिंब म्हणजे काय?" त्यांनी मला विचारलं.

"डी," मी म्हणाले. आवाज फुटला नाही. पुन्हा म्हणाले, "डी, सर."

"म्हणजे चार पर्यायांतला डी?"

"नाही सर. डी बिंदू."

"आणि कोणतं फळ म्हटलं की कोणतं उत्तर, हे कुणी ठरवून दिलं?"

मला त्यांचं म्हणणं कळायलाच वेळ लागला. त्यांना वाटत होतं की ताईला काही येत नाही, मीच उत्तरं शोधते आणि आमची काही खुणेची भाषा आहे. संचालक हळू आवाजात म्हणाले, "कॉपी केस झाली तर दोघींची वर्षं जातील, साहेब." ते आमच्या बाजूनं बोलले की आम्हाला घाबरवत होते, मला आजही सांगता येणार नाही. माझ्या डोळ्यांपुढं बाबांचा चेहरा आला.

 आवाज कुठून येतोय ते ताईनं आधी नीट ऐकून घेतलं. मग बरोबर अधिकाऱ्यांच्या दिशेला तोंड करून म्हणाली, "साहेब, तिला इचारू नका. ती नुसती लिवती. मला इचारा."

"बरं, तू सांग."

"बी, डी, पी, टी सगळं सारखंच ऐकू येतं. म्हनून आमी नावं ठिवली. दुसरं काय न्हाई."

"मला तर वेगवेगळं ऐकू येतं."

"मंग तुमी लिवा," ताई म्हणाली. "मी सांगते. तुमी लिवा आन ह्या सरांनी बी लिवावं. वायलं वायलं बसून."

मला वाटलं, आता संपलं सगळं. अधिकाऱ्यांशी असं बोलायची माझी तर छाती झाली नसती.  पण त्यांनी खिशातून कागद काढला, अर्धा फाडून संचालकांना दिला आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले. संचालक खिडकीशी उभे राहिले. पंखा खडखडत होता. बाहेर मैदानात पाण्याचा टँकर लागला होता आणि त्याची मोटर चालू होती.

ताईनं नेहमीच्या वेगानं सांगितलं. "कोन BDP. किरन DB. रेख PT. कोन TBC."

दोघांनी लिहिलं. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. त्यांच्या कपाळावर आठी आली. "सर," त्या म्हणाल्या, "जुळत नाहीत."

"कुणाचं चुकलं?" संचालकांनी विचारलं.

"त्ये मला कसं सांगता यील?" ताई म्हणाली. "मला कागद दिसत न्हाई."

मॅडमना हसू आलं आणि त्यांनी ते आवरलं. अधिकारी हसले नाहीत. दोन्ही कागद त्यांनी बराच वेळ निरखले आणि घडी करून खिशात घातले. मला वाटलं, आता पेन परत मिळेल. पण ते म्हणाले, "ठीक आहे. तुमची अडचण मला पटली. पण उद्या कुणी तक्रार केली की बंद खोलीत असली भाषा चालू होती, तर मी काय सांगू? मला हे वर कळवावं लागेल. निकाल ठेवायचा की नाही, ते वरचे ठरवतील."

मग त्यांनी मला पेन आणि उत्तरपत्रिका परत दिली आणि एका कोऱ्या पुरवणीवर कोणत्या अक्षराला कोणता शब्द ते लिहायला लावलं. खाली स्वतःची सही केली, संचालकांची घेतली. "यातले शब्द आणि पेपरातली भूमिती, एवढंच," ते म्हणाले. "याबाहेरचा एक शब्द ऐकला, तर पेपर तिथंच थांबेल. आणि मी इथंच बसणार आहे." गेलेला वेळ भरून मिळेल का, असं ताईनं विचारलं. "बघू," ते म्हणाले.

पेपरचा उरलेला भाग आम्ही जसा लिहिला, तसं मी पुन्हा आयुष्यात काही लिहिलं नाही. ताईचा आवाज बदलला होता. एरवी ती सांगताना मध्येच "थांब जरा" म्हणायची, "आरं देवा" म्हणायची. आता तेही शब्द यादीबाहेरचे. तिला विचार करायचा असला की ती नुसती गप्प व्हायची आणि त्या शांततेत अधिकाऱ्यांच्या बुटाचा आवाज यायचा.  तरी सिद्धता बरोबर चालल्या होत्या. माझा जीव हळूहळू जागेवर येत होता.

शेवटून दुसऱ्या प्रश्नात दोन रेषाखंड एकरूप आहेत असं लिहायचं होतं. ताई म्हणाली, "बाभळ-डाळिंब एकरूप पेरू-टरबूज."

रेख म्हणाली नाही. दोन्हीकडे नाही.

माझं पेन कागदावर टेकलं आणि तसंच राहिलं. सकाळपासून तिनं एकदाही रेख सोडलं नव्हतं. नुसतं BD म्हणजे संख्या, आणि संख्या एकरूप नसतात, समान असतात. हे तिनंच मला कितीदा सांगितलं होतं. तिला ते येतं हे मला माहीत होतं, जगात इतकं पक्कं मला दुसरं काही माहीत नव्हतं. दोन छोटे शब्द होते. मी मान वर केली. अधिकारी माझ्याकडेच पाहत होते.

मी ती म्हणाली तेवढंच लिहिलं. BD ≅ PT.

"वाचून दाखव," ताई म्हणाली. वाचून दाखव आणि पुढं, एवढं म्हणायची तिला परवानगी होती. मी वाचायला लागले आणि त्या ओळीपाशी आल्यावर माझाच आवाज मला परका वाटायला लागला. तिथं थांबले असते, जरा जोर दिला असता, तर ती खूण झाली असती. मी सगळं एका सुरात वाचलं. बसचे थांबे वाचावेत तसं. ताईचं डोकं एका बाजूला कललं होतं. तिची बोटं बाकावर आली, दोन टोकं धरल्यासारखी थांबली.

"फुडं," ती म्हणाली.

वेळ संपल्याची घंटा झाली. बाहेर पोरांचा गलका उठला. संचालकांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकारी घड्याळाकडे पाहत म्हणाले, "मघाचा थोडा वेळ द्या त्यांना." तेवढ्या वेळात शेवटच्या प्रश्नाचा अर्धा भाग झाला. मग मॅडमनी उत्तरपत्रिका घेतली, यादीची पुरवणी तिला बांधली. जाताना त्यांनी ताईच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाल्या, "मला कळवावंच लागलं गं."

"व्हय मॅडम," ताई म्हणाली.

बाहेर फाटकाशी कडुलिंबाखाली ताईची आई डबा घेऊन बसली होती. तिथवर जाईपर्यंत मला धीर धरवला नाही. मी वाटेतच सांगून टाकलं. "ताई, तू रेख म्हणाली नाहीस. एकरूपच्या ओळीत."

ती जागच्या जागी थांबली. माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "तुझं पेन थांबलं तवाच मला कळलं, कायतरी चुकलंय. काय त्येच कळंना. सगळं मनात फिरवून बघितलं. वाचताना वाटलं, आता हिच्या आवाजात घावंल. तू तर शाळंतली प्रतिज्ञा म्हनावी तशी वाचलीस."

"मला सांगता येत नव्हतं, ताई."

"ठाव हाय मला!" ती ओरडली. आजूबाजूची पोरं वळून पाहायला लागली. "ठाव हाय. म्हनून तर राग येतोय."

सर सायकल लावून घाईघाईनं आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरोबर केलंस बाळा," ते म्हणाले.

"सर, तिला आत्ता बराबर म्हनू नका," ताई म्हणाली. "उद्या म्हना."

 ताईच्या आईनं डबा उघडला आणि आमच्या दोघींच्या हातात एकेक भाकरी दिली. कुणाचं काय चुकलं, असं तिनं विचारलं नाही. आम्ही जेवलो. ताई पटापट जेवली. रागात तिला भूक लागायची, हे मला त्या दिवशी कळलं. तिची एसटी आली तेव्हा ती माझ्याशी न बोलताच चढली.

पुढचे पेपर झाले. माझी नववीची परीक्षाही झाली. ताई माझ्याशी बोलायला लागली, पण भूमितीचा विषय निघत नव्हता. सगळ्यांच्या मनात एकच होतं, ते साहेब वर काय कळवतात. सर दोनदा नगरला जाऊन चौकशी करून आले. कुणी काही सांगितलं नाही. बाबा रोज जेवताना विचारायचे, "काही कागद आला का शाळेत?" मी नाही म्हणायचे. माझ्या मनात यायचं, निकाल राखून ठेवला तर ते दुसऱ्याच्या वर्षाच्या जबाबदारीचं वाक्य पुन्हा म्हणतील. त्यांनी ते कधीच म्हटलं नाही.

निकालाच्या दिवशी ताई आणि तिची आई सकाळीच आमच्या खोलीवर आल्या. त्यांच्या गावात मोबाईलला रेंज नसायची. बाबांनी रजा टाकली होती. त्यांनी त्यांच्या मोबाईलवर ताईचा बैठक क्रमांक घातला. पान उघडेना. पुन्हा घातला. ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिची आई जमिनीवर बसून पदराचं टोक पिळत होती. माझ्या आईनं सगळ्यांना चहा दिला आणि कुणीच तो प्यायलं नाही. पान गोल गोल फिरत राहिलं, मग उघडलं. बाबांनी चष्मा वर केला आणि नुसतेच पाहत राहिले.

"राखून ठिवलाय का?" ताईनं विचारलं.

"नाही गं," बाबा म्हणाले.  "पास आहेस. पहिला वर्ग. गणितात सगळ्यांत जास्त आहेत."

ताईची आई रडायला लागली. ताई रडली नाही. तिनं विषयवार मार्क पुन्हा वाचायला लावले, गणिताचे तर तीनतीनदा. भूमितीचे वेगळे दिसत नव्हते, दोन्ही भागांची बेरीजच होती. त्या एका ओळीचा मार्क गेला की राहिला, ते आम्हाला कधीच कळलं नाही. साहेबांनी वर काय कळवलं, तेही नाही.

थंड झालेला चहा ताईनं एका घोटात संपवला. मग चाचपडत माझ्या शेजारी येऊन बसली. "मी बारावीला जाईन तवा तू अकरावीत असशील," ती म्हणाली.

मी बाबांकडे पाहिलं. ते मोबाईल पुसत होते.

"गणितासंगं अर्थशास्त्र घेनार हाय मी," ती म्हणाली. "त्याच्यात आलेख असत्यात. आन पुन्हा असंच झालं तर तुला पुन्हा गपच बसावं लागंल. मी पुन्हा चिडन. आदीच सांगते."

मी लगेच हो म्हणू शकले नाही. परीक्षेच्या खोलीतला पंखा, ते बूट, कागदावर टेकलेलं पेन, सगळं पुन्हा आठवलं. ती वाट पाहत बसली, घाई केली नाही. बाबाच मध्ये बोलले. "आलेखाची फळी मी करून देईन," ते म्हणाले. "तुमच्या सरांना विचारून."

दोन वर्षांनी मी तिचा बारावीचा पेपर लिहिला. त्यानंतर कॉलेजला ती नगरला गेली, तिथं तिला दुसऱ्या लेखनिक मिळाल्या. आता ती एका शाळेत गणित शिकवते. वर्गातल्या पोरांना ती फळ्यावर बोलावते, आकृती काढायला लावते आणि नावं मोठ्यानं वाचायला सांगते. परवा फोनवर सांगत होती, एक मुलगा रोज कोनाचं नाव उलटसुलट घेतो, शिरोबिंदू कडेला टाकतो. "मग काय करतेस?" मी विचारलं. "काय करनार? परत वाचायला लावते," ती म्हणाली, आणि मागून कुणीतरी तिला हाक मारली म्हणून फोन ठेवून दिला.